चुंबकीय अनुस्पंदन आणि डोपिंग केलेले अतिसंवाहक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्राच्या मुलामुलींशी अतिसंवाहकांबद्दल बोलायला जातो, तेव्हा तेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही पालकांचे, आणि काही शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्य घालवलेल्या मंडळींचे. सगळ्यांना एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हे पान लिहिलं आहे.

अतिसंवाहक म्हणजे ज्याचा विजेला होणारा रोध शून्य होतो तो, एवढंच ना?

अर्धंच उत्तर झालं. १९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा रोध एकदम नाहीसा झाला, ही सुरुवात. पण अतिसंवाहकाची खरी ओळख १९३३ मध्ये माइसनर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी दाखवली: तो आपल्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. हा दुसरा गुण लक्षात ठेवा, पुढे त्याच्यामुळेच अडचण होणार आहे.

डोपिंग म्हणजे भेसळ का?

हा प्रश्न मला एका फाउंड्रीवाल्यांनी विचारला होता, आणि उत्तर त्यांच्याच धंद्यात होतं. साध्या ओतीव लोखंडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, म्हणून ते ठिसूळ. त्याच रसात मॅग्नेशियम घालून शेवटी शंभर किलोत तीस-चाळीस ग्रॅम उरलं, की ग्राफाइटच्या गोळ्या बनतात आणि एसजी आयर्न तयार होतं, जे वाकतं पण पटकन तुटत नाही. याला कुणी भेसळ म्हणत नाही. मोजून, जाणूनबुजून, गुण बदलण्यासाठी घातलेला घटक तो.

फरक एवढाच, की फाउंड्रीत आकार बदलतो आणि अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांची संख्या. लँथनम कॉपर ऑक्साइड घ्या. शुद्ध अवस्थेत तो वीज वाहून नेत नाही. त्यातल्या तांब्यांचे छोटे चुंबक एकाआड एक उलटसुलट तोंडं करून उभे असतात, आणि ही शिस्त खोलीच्या तापमानाच्याही थोडी वर, साधारण ३२० केल्विनपर्यंत टिकते. आता लँथनमच्या जागी स्ट्राँशियम घाला. स्ट्राँशियम एक इलेक्ट्रॉन कमी देतो, म्हणून तांबं आणि ऑक्सिजनच्या थरात एक रिकामी जागा तयार होते. शंभर लँथनमांपैकी एक बदलला की चुंबकांची शिस्त मोडते. अडीच बदलले की अतिसंवाहकता डोकं वर काढते. साडेसात-आठच्या आसपास ती सगळ्यात जोमात असते, सुमारे ३८ केल्विनपर्यंत. साडेतेराच्या पुढे गेलात की ती संपते आणि हाती बऱ्यापैकी साधा धातू उरतो. या एका पदार्थात विद्युतरोधक, चुंबक, अतिसंवाहक आणि धातू असे चार संसार नांदतात, आणि एकातून दुसऱ्यात जायला शंभरातले काही अणू बदलले तरी पुरतात. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना हे घराणं सापडलं (त्यांच्या पदार्थात स्ट्राँशियमऐवजी बेरियम होतं), आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं.

अनुस्पंदन म्हणजे काय, सोप्या भाषेत सांगाल का?

नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलकासा धक्का दिला तरी झोका उंच जातो. लय चुकली तर जोर लावूनही काही होत नाही.

बऱ्याच अणूंची केंद्रं छोट्या चुंबकासारखी असतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की ती त्याच्याभोवती भोवऱ्यासारखी डोलतात, आणि प्रत्येक जातीच्या केंद्राची डोलण्याची लय ठरलेली असते. १ टेस्ला क्षेत्रात हायड्रोजनची लय ४२.५८ मेगाहर्ट्झ, तांबं-६३ ची साधारण ११.३, इट्रियम-८९ ची जेमतेम २.१. त्या लयीच्या रेडिओ लहरी सोडल्या की फक्त तीच केंद्रं प्रतिसाद देतात, बाकीची गप्प राहतात. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये द्रव-घन पदार्थांत हे दाखवलं आणि १९५२ चं नोबेल वाटून घेतलं. इलेक्ट्रॉनांचं असंच अनुस्पंदन त्याआधी, १९४४ मध्ये, कझानला झावोइस्की यांना दिसलं होतं.

दवाखान्यातलं एमआरआय तेच का? त्यात किरणोत्सार असतो का?

तत्त्व तेच. किरणोत्सार अजिबात नसतो. मूळ तंत्राच्या नावात (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे एनएमआर) ‘न्यूक्लिअर’ आहे ते अणुकेंद्रावरून. एमआरआय तुमच्या शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला हाक मारतं. १.५ टेस्लाच्या यंत्रात ही हाक सुमारे ६४ मेगाहर्ट्झची असते. आणखी एक गोष्ट पालकांना मी आवर्जून सांगतो: त्या यंत्राचं चुंबक निओबियम-टायटॅनियमच्या तारेचं असतं, ती तार द्रव हेलियमने थंड केलेला अतिसंवाहक असते. म्हणजे राजारामपुरीत कुणी गुडघ्याचा एमआरआय काढून घेतो, तेव्हा अतिसंवाहक आणि अनुस्पंदन एकाच खोलीत कामाला लागलेले असतात.

रोध मोजता येतो, क्ष-किरणांनी रचना कळते. मग अनुस्पंदनाची उठाठेव कशाला?

माझ्या मते सगळ्या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

रोध मोजताना वीज सोपी वाट शोधते. नमुन्यातला थोडाच भाग अतिसंवाहक असला आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेला असला, तरी रोध शून्य दिसतो. क्ष-किरण लाखो घरांची सरासरी सांगतात. डोपिंग केलेल्या पदार्थात तर मुद्दामच काही घरांत वेगळा पाहुणा बसवलेला असतो. त्या पाहुण्याच्या शेजारी काय घडतं, चार घरं सोडून काय घडतं, हे सरासरीत बुडून जातं.

अणुकेंद्र आपल्या जागेवरून हलत नाही. त्याला फक्त स्वतःच्या अंगणातलं क्षेत्र कळतं. पाहुण्याशेजारच्या तांब्याची लय दूरच्या तांब्यापेक्षा किंचित वेगळी पडते आणि ती वेगळी रेषा म्हणून दिसते. शहराचं सरासरी तापमान विचारणं आणि प्रत्येक गल्लीतल्या माणसाला ‘तुमच्या दारात किती उकडतंय?’ असं विचारणं, यात जेवढा फरक, तेवढा हा फरक. शिवाय इथे जातीनुसार विचारता येतं. इट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइड या दुसऱ्या अतिसंवाहकात आधी तांब्याला, मग ऑक्सिजनला, मग इट्रियमला. एकाच पदार्थाबद्दल तीन साक्षीदार, आणि तिघं तीन वेगवेगळ्या जागी उभे.

मोजतात नेमकं काय?

मुख्यतः दोन गोष्टी.

पहिली नाइट शिफ्ट. एमआयडीसीतल्या रात्रपाळीशी तिचा संबंध नाही. वॉल्टर नाइट या शास्त्रज्ञाचं ते नाव आहे, १९४९ मध्ये त्यांना तांब्यात ही गोष्ट आढळली. धातूतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन (म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा छोटा चुंबक) बाहेरच्या क्षेत्राने थोडे एका बाजूला झुकतात, केंद्राला जरा जास्त क्षेत्र जाणवतं आणि रेषा सरकते. किती सरकली यावरून इलेक्ट्रॉनांचे स्पिन किती मोकळे आहेत ते कळतं. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने बांधले जातात. जोडीतले दोन स्पिन एकमेकांच्या उलट असतील तर ते एकमेकांना रद्द करतात आणि तापमान उतरतं तशी नाइट शिफ्ट घटत जाते. तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये ती घटते. जोड्या उलट स्पिनांच्या आहेत, हे अशा मोजणीतून पक्कं झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे विश्रांतीचा काळ, प्रयोगशाळेत ज्याला ‘टी-वन’ म्हणतात. धक्का दिलेलं केंद्र पूर्वस्थितीला यायला किती वेळ घेतं? भोवतीचे इलेक्ट्रॉन जितके खळबळ करतील तितकं ते लवकर शांत होतं. म्हणजे टी-वन हा इलेक्ट्रॉनांच्या खळबळीचा मापक झाला.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. तांबं-ऑक्सिजनच्या एकाच थरात तांब्याची केंद्रं भराभर शांत होतात आणि ऑक्सिजनची सावकाश. तापमानाबरोबर दोघांचं वागणंही निराळं. थर एक, इलेक्ट्रॉन तेच, मग असं का? रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंची माणसं जिवाच्या आकांताने ओढत असतात, पण दोरीच्या मध्ये बांधलेला रुमाल जवळपास जागच्या जागी असतो. ऑक्सिजन म्हणजे तो रुमाल. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तांब्यांचे स्पिन एकमेकांच्या उलट हेलकावतात, त्यांचे परिणाम ऑक्सिजनच्या जागी एकमेकांना खाऊन टाकतात. तांब्याला मात्र पूर्ण ओढ जाणवते. यावरून कळलं, की डोपिंगने चुंबकांची ती जुनी शिस्त मोडली तरी तिची आठवण पुसली गेलेली नसते. शेजारचे तांबे अजूनही एकमेकांच्या उलटच वागू पाहतात. रोध मोजून हे कधीच कळलं नसतं.

ऑक्सिजनचा सिग्नल मिळतो तरी कसा? त्याच्या केंद्राला स्पिन नसतो असं वाचलं होतं.

बरोबर वाचलंत. नेहमीच्या ऑक्सिजन-१६ ला स्पिन नसतो. ऑक्सिजन-१७ ला असतो, पण तो निसर्गात दहा हजारांत चारच. म्हणून नमुना ऑक्सिजन-१७ ने समृद्ध केलेल्या वायूत तापवून त्यातला ऑक्सिजन बदलून घ्यावा लागतो. हा वायू फार महाग असतो.

अतिसंवाहक क्षेत्र बाहेर ढकलतो, मग आतल्या केंद्रांपर्यंत क्षेत्र आणि लहरी पोहोचतात कशा?

हीच ती अडचण. तिच्यावरचा पहिला तोडगा १९५७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हेबेल आणि स्लिक्टर यांनी काढला. त्यांनी अ‍ॅल्युमिनियम घेतलं, ते १.२ केल्विनच्या खाली अतिसंवाहक होतं. आधी जोरदार क्षेत्र लावून केंद्रं रांगेत आणायची. मग क्षेत्र काढून घ्यायचं, धातू अतिसंवाहक होईल. ठरावीक काळ केंद्रांना तसंच सोडायचं, नंतर पुन्हा क्षेत्र लावून मोजायचं की मधल्या काळात किती केंद्रं रांग सोडून गेली. अपेक्षा अशी होती, की इलेक्ट्रॉन जोडीत अडकले म्हणजे खळबळ कमी होईल. झालं उलट. संक्रमण तापमानाच्या (ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो) जरा खाली विश्रांतीचा वेग आधी वाढला आणि मगच घसरला. त्याच वर्षी आलेल्या बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या सिद्धान्तातून हा उंचवटा नेमका निघत होता, आणि त्या सिद्धान्ताला हा फार मोठा आधार ठरला.

तांब्याच्या ऑक्साइडांत काम थोडं सोपं आहे, कारण ते क्षेत्राला पूर्ण अडवत नाहीत. क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपाने आत शिरतं. रेडिओ लहरी मात्र वरच्या पातळ थरातच अडकतात. म्हणून पदार्थाची बारीक पूड करतात, ती एपॉक्सीत मिसळून तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवतात. कण एका दिशेला वळतात आणि एपॉक्सी घट्ट झाली की तसेच राहतात. मोठे स्फटिक हाती नसतानाही दिशेची माहिती मिळते.

आणि तांब्याच्या ऑक्साइडांत तो उंचवटा दिसला का?

नाही. इट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइडात विश्रांतीचा वेग संक्रमणाखाली थेट घसरतो, तोही तापमानाच्या घनाच्या प्रमाणात. साध्या धातूंपेक्षा इथली जोडी निराळ्या घडणीची आहे, काही दिशांना तिची बांधणी शून्य होते, याचा हा सुरुवातीचा पुरावा.

अनुस्पंदनामुळे कळलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती?

माझं मत विचाराल तर ‘छद्म-अंतर’, प्रयोगशाळेच्या भाषेत स्यूडोगॅप. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ऑर्से इथे आन्री आलूल यांच्या गटाने इट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइडातली इट्रियम-८९ ची रेषा बघितली. या पदार्थात डोपिंग ऑक्सिजनच्या प्रमाणाने होतं. पूर्ण ऑक्सिजन असलेल्या नमुन्यात नाइट शिफ्ट संक्रमणापर्यंत जवळपास सपाट होती. कमी डोपिंगच्या नमुन्यात ती संक्रमण तापमानाच्या कितीतरी वरूनच घटायला लागली होती. अतिसंवाहकता सुरू व्हायच्या आधीच स्पिन कुठेतरी गुंतत चालले होते. ते कशात गुंततात यावर आजही एकमत नाही.

दुसरं उदाहरण जस्ताचं, ते डोपिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावं. जस्त चुंबकीय नाही. तांब्याच्या थरात शंभरात एक तांबं काढून जस्त बसवलं तर संक्रमण तापमान सुमारे १० केल्विनने उतरतं. साध्या अतिसंवाहकात अचुंबकीय पाहुणा इतका त्रास देत नाही. मग इथे का? १९९४ मध्ये आलूल यांच्यासोबत अविनाश महाजन यांनी (पुढे ते आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले) इट्रियमच्या रेषेत मुख्य रेषेशेजारी छोट्या उपरेषा दाखवल्या. त्या जस्ताजवळच्या इट्रियमच्या होत्या. जस्त स्वतः चुंबकीय नसलं तरी त्याच्या शेजारचे तांबे चुंबकीय होऊन बसतात, हे त्यातून उघड झालं. मघाशी गल्लीतल्या माणसाला विचारण्याची गोष्ट काढली, ती यासाठीच.

लोखंडाच्या अतिसंवाहकांवरही हे चालतं का?

चालतं, आणि छान चालतं. २००८ मध्ये होसोनो यांच्या गटाने फ्लोरिन घातलेल्या लँथनम-लोह-आर्सेनिक ऑक्साइडात २६ केल्विनला अतिसंवाहकता दाखवली. आर्सेनिक-७५ हा निसर्गातला आर्सेनिकचा एकमेव स्थिर समस्थानिक असल्याने त्याचा सिग्नल भरपूर मिळतो, आणि तो लोखंडाच्या थराला चिकटूनच बसलेला असतो.

अनुस्पंदनाचं मोजमाप कधी चुकतं का?

चुकतं, आणि ही गोष्ट मी कधीच वगळत नाही. स्ट्राँशियम रूथेनेट हा पदार्थ सुमारे १.५ केल्विनला अतिसंवाहक होतो. १९९८ मध्ये त्यात नाइट शिफ्ट अजिबात घटत नाही असं दिसलं. त्यावरून मानलं गेलं, की जोडीतले स्पिन उलट नाहीत, एकाच दिशेचे आहेत. पुढची वीस वर्षं हा पदार्थ या खास जोडीचं आदर्श उदाहरण म्हणून शिकवला गेला. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टुअर्ट ब्राउन यांच्या गटाने रेडिओ लहरींच्या धक्क्यांची ऊर्जा खूप कमी करून तेच मोजलं. नाइट शिफ्ट घटली! आधीच्या प्रयोगांत रेडिओचा धक्काच नमुन्याला क्षणभर तापवत होता, आणि ज्याला अतिसंवाहक समजून मोजलं जात होतं तो त्या क्षणी साधा धातू होता.

सुरुवातीचे प्रयोग करणारे निष्काळजी नव्हते. एवढ्या थंडीत एवढासा धक्का किती तापवतो, हे तपासायची सवय तेव्हा नव्हती. धक्क्याची ताकद अर्धी करून उत्तर बदलतं का ते बघा, असं मी आता प्रत्येकाला पहिल्या दिवशीच सांगतो.

आमच्याकडे मोठं चुंबक नाही. मग काहीच करता येणार नाही का?

तांब्याचं केंद्र पूर्ण गोल नसतं. त्यामुळे भोवतालच्या विद्युत क्षेत्राची असमानता त्याला चुंबकाशिवायही जाणवते. यावर उभी असलेली पद्धत म्हणजे अणुकेंद्रीय चतुर्ध्रुवी अनुस्पंदन, म्हणजेच एनक्यूआर. तिला बाहेरचं क्षेत्र लागतच नाही. इट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइडात तांबं-६३ च्या दोन रेषा मिळतात, सुमारे २२ आणि ३१.५ मेगाहर्ट्झला. या पदार्थात तांबं थरांत असतं, तसंच थरांच्या मधल्या साखळ्यांतही. पहिली रेषा साखळीतल्या तांब्याची, दुसरी थरातल्या तांब्याची. सुरुवातीला कोणती कोणाची यावरच वाद झाला होता.

तांब्याचे दोन समस्थानिक आहेत, ६३ आणि ६५, ही निसर्गाची मोठी मेहेरबानी. विश्रांती चुंबकीय कारणाने होत असेल तर ६५ आधी शांत होतो, विद्युत कारणाने होत असेल तर ६३. दोघांचं मोजा, कारण आपोआप समोर येतं.

इलेक्ट्रॉनांचं अनुस्पंदन, म्हणजे ईएसआर, पुष्कळ ठिकाणी असतं. पण सावध राहा. चांगल्या इट्रियम नमुन्यात तांब्याचा ईएसआर सिग्नल जवळपास नसतो. ठसठशीत सिग्नल मिळाला तर आनंदून जाऊ नका. तो बहुतेक वेळा नमुन्यात राहून गेलेल्या हिरव्या अशुद्ध पदार्थाचा असतो. मात्र त्याच यंत्रावर शून्य क्षेत्राजवळ अतिसंवाहकाचा एक वेगळाच सिग्नल येतो, तो अनुस्पंदनाचा नसतो. १९८७ मध्ये तो टिपणाऱ्या पहिल्या गटांत बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था होती. नमुन्यात अतिसंवाहकाचा लवलेश जरी असला तरी तो दिसतो.

कोल्हापुरात बसून या विषयात खरं योगदान देता येईल का?

येईल, आणि ते नमुना बनवण्यात आहे. मी हे धीर देण्यासाठी म्हणत नाही. अनुस्पंदनाचं यंत्र कितीही भारी असलं तरी ते नमुन्यापेक्षा जास्त काही सांगू शकत नाही. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट (हे विषारी आहे, हातमोजे आणि मास्क घाला) आणि कॉपर ऑक्साइड मोजून खलात तासन् तास घोटायचं, ९०० ते ९५० अंशांवर भाजायचं, पुन्हा घोटायचं, पेलेट (पुडीची घट्ट वडी) दाबायची, पुन्हा भाजायची, आणि शेवटी ऑक्सिजनच्या प्रवाहात ४०० ते ५०० अंशांवर सावकाश थंड करायची. या पदार्थात डोपिंगचं काम ऑक्सिजनच करतो. सूत्रात ऑक्सिजन सात असेल तर संक्रमण सुमारे ९२ केल्विनला, ६.६ च्या आसपास ६०, आणि सहा असेल तर अतिसंवाहकता नाहीच. म्हणजे शेवटचे काही तास भट्टीत काय झालं, यावर सगळं अवलंबून.

आणि आपल्याकडचा पाऊस विसरू नका. हा पदार्थ पाण्याशी विक्रिया करतो. जुलैत एकदा मी चांगल्या पेलेट टेबलावर उघड्या ठेवून गेलो. आठवड्याने त्यांच्यावर पांढरट थर धरला होता आणि तीन आठवड्यांचं काम वाया गेलं. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डेसिकेटर, आणि जेलचा रंग बदलला की ते लगेच तापवून सुकवणं, एवढी शिस्त इथल्या हवेत पाळावीच लागते.

मोजमापासाठी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. या संस्थेत एनएमआरचा पाया एस. एस. धर्मट्टी यांनी घातला. त्याआधी, १९५१ मध्ये, स्टॅनफर्डला अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासोबत त्यांनी अल्कोहोलच्या तीन वेगळ्या रेषा दाखवल्या होत्या. रसायनशास्त्रातला आजचा सगळा एनएमआर तिथून सुरू होतो.

खोलीच्या तापमानाचा अतिसंवाहक सापडल्याची बातमी आली होती, तिचं काय झालं?

२०२३ च्या जुलैत कोरियातून एलके-९९ चा दावा आला: तांबं घातलेलं शिशाचं एक फॉस्फेट. काही आठवड्यांतच अनेक प्रयोगशाळांनी दाखवलं, की रोधातली ती घसरण नमुन्यात राहिलेल्या कॉपर सल्फाइडची होती. ते सुमारे ३८५ केल्विनला आपली रचना बदलतं. अशुद्ध घटकाने फसवल्याची ही पहिली वेळ नव्हती.

मुलगी यात एम.एस्सी. करते म्हणते. पुढे नोकरीचं काय?

केवळ अतिसंवाहकांवर नोकऱ्या थोड्या आहेत, हे आधीच सांगतो. पण या कामात रेडिओ इलेक्ट्रॉनिक्स, निर्वात तंत्र, अतिशीत तापमान आणि सिग्नलवरचं गणित, चारही हाताला लागतात. एमआरआय यंत्रांची देखभाल, औषध कंपन्यांतलं एनएमआर विश्लेषण, संशोधन संस्थांतली तांत्रिक पदं इथे हे उपयोगी पडतं. तिला आवड असेल तर करू द्या.

आमची पेलेट द्रव नायट्रोजनमध्ये चुंबकावर तरंगली. म्हणजे नमुना उत्तम, पाठवायला हरकत नाही ना?

तरंगली याचा अर्थ ७७ केल्विनला तिच्यात अतिसंवाहक भाग आहे. किती आहे ते कळत नाही. नुसतं वरचं कवच अतिसंवाहक असलं तरी ते आतल्या कच्च्या भागाला झाकून टाकतं आणि पेलेट तरंगते. एक पेलेट मोडून आतला रंग बघा. कुठे हिरवट छटा दिसली तर पुन्हा घोटून भाजा. क्ष-किरणांनी तपासा, ऑक्सिजनचं प्रमाण आयोडीनच्या अनुमापनाने मोजा. मग पाकिटात भरा आणि पाकिटावर न पुसणाऱ्या शाईने लिहा: बनवल्याची तारीख, प्रत्येक भाजणीचं तापमान आणि तास, ऑक्सिजन किती तास दिला, मोजलेलं ऑक्सिजनचं प्रमाण, आणि किती दिवस डेसिकेटरबाहेर होता. मुंबईत जो कोणी रात्री दोन वाजता त्या नमुन्याच्या रेषेकडे बघत बसेल, त्याला सगळ्यात आधी हेच हवं असतं.